सरजाबाईचं टोपलं

चौदा एप्रिलला खीर पुष्कळ शाळांत वाढतात. वडगव्हाणच्या शाळेत मात्र खिरीच्या आधी ज्वारीची भाकर आणि पिठलं वाढतात. का, म्हणून पोरांना विचारा. "आमच्या शाळेत असंच असतंय," म्हणतील आणि पिठल्यावर तुटून पडतील. पोरांचं काय, त्यांना खायला मिळाल्याशी मतलब. पण ती भाकर तिथं आली कशी हे कुणीतरी सांगून ठेवायला पाहिजे, आणि ते सांगायचं तर सुरुवात सरजाबाईपासून करावी लागते.

सरजाबाई म्हणजे भीमनगरातल्या लिंबाजीची बायको. झरीच्या रस्त्यावरून गावाकडं वळलं की आधी ओढा लागतो, मग भीमनगर, मग वेस, आणि वेशीच्या आत गाव. बाई अंगानं किडकिडीत, पण तोंड असं की समोरच्यानं आपण होऊन वाट बदलावी. खुरपायला बसली की तिची पात सगळ्यांच्या पुढं. लिंबाजी तिच्या अगदी उलटा. सावकाश उठायचा, सावकाश बसायचा. "आमच्या घरात दोन माणसांचं बोलणं एकटी सरजाच उरकती, मग मी कामून तोंड शिणवू?" असं म्हणायचा आणि म्हणता म्हणता तासभर बोलत बसायचा.

भीमनगरानं धम्म घेतला तेव्हा सरजाबाई नुकतीच नांदायला आली होती. लिंबाजीनं घरातले देव ओढ्यात सोडले आणि आपली हलगी खुंटीवरून काढून माळ्यावर टाकली. सरजाबाईनं काय केलं? सासूचं भाकरीचं टोपलं चुलीत घातलं. त्या टोपल्यात सासूनं उभी जिंदगी गावातल्या दारादारांतून शिळी भाकर गोळा करून आणली होती. सासू रडायलाच लागली.

"अगं माय, आता पोट कशानं भरावं?"

"हातानं," सरजाबाई म्हणाली. "आत्याबाई, कामाची मजुरी घेऊ. गावाची भाकर आता या घरात यायची न्हाई."

हा शब्द तिनं बाहत्तरच्या दुष्काळातसुद्धा मोडला नाही. त्या वर्षी गावातल्या भल्याभल्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, तशी हिनंही फोडली. कामावर मिळेल ते सगळ्यांच्या बरोबरीनं खाल्लं, पण दारात उभं राहून कुणी पुढं केलेली भाकर घेतली नाही.

गावात तिचं जमायचं ते सुलाबाईशी. जमायचं तरी कसं म्हणावं? सुलाबाई म्हणजे माणिकरावांची बायको, ओढ्याकाठच्या काळ्या रानाची मालकीण, आणि सरजाबाई तिच्या रानात मजुरीला जाणारी. पण दोघींच्या जिभा सारख्याच धारदार. बांधावर दोघींचं जुंपलं की बाकीच्या बाया खुरपी खाली ठेवून ऐकत बसायच्या. सुलाबाईची एक खोड होती. ऐकून घ्यायच्या आधीच ती निघालेली असायची. लांबून पिकात जनावर दिसलं की मालकाचा उद्धार करत पळत सुटायची आणि जवळ गेल्यावर कळायचं की जनावर घरचंच आहे. मनानं वाईट नव्हती हो. पण रीत म्हणजे रीत. दोघी एकाच बांधावर जेवायला बसायच्या, मध्ये अंतर ठेवून. सरजाबाईला पाणी वरून ओंजळीत मिळायचं. भांडण समोरासमोर चालायचं, घागरीला मात्र हात लावायचा नाही, असा तो शेजार होता.

सुलाबाईचा थोरला नागनाथ त्या बांधावरच लहानाचा मोठा झाला. या पोराला आईच्या डब्यातली तुपाची पोळी गोड लागायची नाही. आई मोटेकडं गेली की हा गुपचूप सरजाबाईजवळ यायचा आणि लसणाच्या चटणीशी तिची भाकर खायचा. "सरजामावशी, आईला सांगू नको हं," असं वर बजावायचा. मावशीनं कधी सांगितलं नाही.

पुढं त्याला मिसरूड फुटलं, बापाच्या बरोबरीनं रानात राबायला लागला, आणि एका पावसाळ्यात साप चावून तो गेला. दवाखान्यात न्यायला गाडी जुंपेपर्यंतही टिकला नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. सोयरे, भाऊबंद, शेजारी आपापल्या घरून भाकर-पिठलं करून नेतात, दुःखातल्या माणसाजवळ बसून त्याला घास भरवतात आणि स्वतःही त्याच्यासोबत दोन घास खातात. त्याला कडू घास म्हणतात. कडू घासाचं टोपलं एकदा उंबऱ्याबाहेर पडलं की भरलेलं माघारी आणायचं नसतं.

नागनाथ गेला त्या दिवशी सरजाबाईनंही भाकरी थापल्या. पिठलं केलं, टोपल्यात ठेवलं, वरून फडकं झाकलं आणि वेशीपर्यंत गेली. आतून सुलाबाईचा आक्रोश ऐकू येत होता. गावातल्या बाया आपापली टोपली घेऊन तिच्या अंगावरून आत जात होत्या. आपलं टोपलं कोण उतरून घेणार, हा विचार तिच्या मनात आला आणि पाय पुढं पडेनात. बराच वेळ ती तशीच उभी राहिली आणि मग मागं फिरली. टोपलं घरी न्यायचं नाही, म्हणून ओढ्याकाठी बसून तिनं त्या भाकरी कुस्करून माशांना घातल्या. घरी आल्यावर लिंबाजीनं विचारलं, "काय झालं?" एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारी ती बाई काहीच बोलली नाही.

दुष्काळ सरला आणि शाळेवर बन्सीधर गुरुजी आले. मूळचे सोनपेठकडचे, गोदाकाठचे. माणूस शांत, पण डोक्यात एक घेतलं की सोडायचे नाहीत. त्यांनी आल्या आल्या नवंच खूळ काढलं. खूळ हा गावाचा शब्द, गुरुजी त्याला 'सणाचा मान' म्हणायचे. शाळेत ज्या ज्या घरचं लेकरू आहे त्या घरचा सण शाळेत होणार. त्या घरातल्या जाणत्या बाईनं यायचं, आमच्यात हा सण असा करतात म्हणून पोरांना सांगायचं आणि आपल्या हातानं काहीतरी गोड वाढायचं. पोळ्याला मातीचे बैल झाले, पुरणपोळी झाली. तीजेला तांड्यावरच्या बाया गव्हाचे हिरवे कोंब आलेल्या दुरड्या डोक्यावर घेऊन आल्या, अंगणात फेर धरून गायल्या, आणि शाळेतल्या पोरी पुढं कितीतरी दिवस तसाच फेर धरत राहिल्या. ईदला रहमतबीनं शीरखुर्मा आणला. त्यावरून गावात थोडी कुजबुज झाली, पण पोरांनी वाट्या चाटून लख्ख केल्या आणि विषय मिटला.

राहिलं कोण, तर भीमनगर. बुद्धपौर्णिमा वैशाखात, तेव्हा शाळेला सुट्टी. बाबासाहेबांची जयंती परीक्षेच्या तोंडावर, म्हणून तसबिरीला हार घालायचा, दोन शब्द बोलायचे आणि तसबीर पुन्हा पेटीत ठेवायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. गुरुजींना ते खटकलं. एका संध्याकाळी ते सरजाबाईच्या दारात येऊन बसले. तिच्या घरचा चहा प्यायले आणि म्हणाले, "यंदा जयंतीचा मान तुमचा. खीर तुमच्या हातची."

"गुरुजी, तुमी आलाव, चहा पिलाव, तेवढं लय झालं," सरजाबाई म्हणाली. "खिरीचं न्हाई व्हायचं."

"का बरं?"

"मोठ्यांनी सोसलं ते सोसलं. पर आमची अन् गावाची लेकरं एका पंगतीला बसतील. गावाच्या लेकरांच्या द्रोणात खीर तशीच राहिली, तर? आमच्या लेकरांनी ते डोळ्यांनी बगायचं? अन् घरी येऊन मला इचारायचं, आजे, आपली खीर कामून कुणी खाईना? काय सांगू मी त्यांला?"

गुरुजी कप खाली ठेवून म्हणाले, "सगळे खातील अशी खात्री मला देता येत नाही, सरजाबाई. खोटं कशाला बोलू? पण तुमचा सण बाहेर ठेवून बाकीच्यांचे सण करत राहायची मला आता शरम वाटते."

त्यांनी नुसती तोंडदेखली हमी दिली असती तर तिनं त्यांना तिथूनच वाटेला लावलं असतं. पण हा माणूस खरं बोलला होता. ते तिच्या काळजाला भिडलं. "करते," ती म्हणाली, आणि गुरुजी गेल्यावर दूध किती, तांदूळ किती, याचा हिशोब करत बसली.

भीमनगरातल्या बायांनी ठरवलं, परभणीला कार्यक्रमात बाया पांढरं नेसून येतात, तसं आपणही नेसायचं. झरीच्या बाजारातून पांढरी लुगडी आली. आदल्या दिवशी सरजाबाईनं लुगड्याची घडी मोडली आणि हात थबकला. धम्म घेऊन इतकी वर्षं झाली, तरी जुनं काही अंगातून पटकन जात नाही. नवरा दारात खोकत बसलेला, आणि आपण पांढरं नेसायचं? लिंबाजी नुकताच तापातून उठला होता. त्या तापाची खबर अख्ख्या गावाला होती. त्यानं बायकोकडं बघितलं आणि हसला.

"नेस की. मी मेल्यावर तू कशी दिसशील ते मला जितेपणी बगायला मिळंल."

"तुमच्या जिभेला काई हाड?" सरजाबाई कडाडली. "उद्या शाळेत चुलीपुढं बसायचंय तुमाला. लय बोलायची हौस हाय ना, मग जाळाला फुंकर घाला."

जयंतीच्या दिवशी उजाडता उजाडता बाया निघाल्या. पांढरी लुगडी, डोईवर पदर, हातात पातेली, आणि सगळ्यांची तोंडं मिटलेली. "कुणी दात काढायचे न्हाईत, शिस्तीत चालायचं," असा सरजाबाईचाच दम होता. वाट सुलाबाईच्या विहिरीवरून जायची. विहिरीवर कुणीतरी घागर धरून उभं आहे एवढं सरजाबाईला दिसलं, पण तिचं सगळं ध्यान दुधात आणि तांदळात होतं. लिंबाजी सरपण घेऊन आधीच शाळेत पोहोचला होता.

शाळेमागच्या भिंतीआड चूल मांडली. लिंबाजी जाळ घालत, डोळे पुसत खीर ढवळत बसला. अंगणात तसबीर मांडली, मेणबत्ती लावली. पोरं ओळीनं बसली, आणि गुरुजींनी सरजाबाईला पुढं बोलावलं. उभ्या गावाशी भांडलेली ती बाई, पण लेकरांपुढं उभी राहिली आणि आधी दोनदा पदरच सारखा केला. कसंबसं तिनं सांगितलं, की आमच्यात खिरीला मान का. उपाशी, हाडांचा सापळा झालेल्या गौतमाला सुजाता नावाच्या बाईनं खीर दिली, ती त्यानं खाल्ली, मग त्याच्या अंगात ताकद आली. "एका बाईच्या हातचं खाऊन तो उठला, बाळांनो," ती म्हणाली. "मनून आमी खीर करताव."

मग पळसाचे द्रोण फिरले. भीमनगरातल्या बायांनी खीर वाढली. गुरुजींनी पहिला द्रोण उचलून तोंडाला लावला. कोपऱ्यात बसलेल्या रहमतबीनंही खाल्ली आणि आणखी मागून घेतली. पण गावाची पोरं हलेनात. आवाराच्या दगडी गडग्यापलीकडं त्यांच्या माया उभ्या होत्या. घरून निघतानाच त्यांनी बजावलं होतं, द्रोण हातात घ्यायचा, नाहीतर गुरुजी रागवतील, पण तोंडाला लावायचा नाही. गुरुजी काय, परगावचे. रहमतबीचं वेगळं. तुम्ही हात लावायचा नाही.

पोरं एकदा खिरीकडं बघत होती, एकदा गडग्याकडं. भीमनगरची लेकरं खायला लागली होती, पण शेजारच्यांचे हात थांबलेले बघून त्यांचेही हात थांबले. एका पोरीनं बोटं चाटता चाटता मान वर करून सरजाबाईकडं बघितलं. झालं. ज्याला ती भीत होती तेच समोर बसलं होतं. पातेलं उचलावं, लेकरांना उठवावं आणि घरचा रस्ता धरावा, असं तिच्या मनात आलं. ती वाकलीसुद्धा.

तेवढ्यात रस्त्यावरून हंबरडा ऐकू आला.

"अगं सरजेऽ! अगं काय झालं गं हे! लिंबाजी रेऽ, माझ्या भावा रेऽ!"

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. सुलाबाई येत होती. डोक्यावर टोपलं, पदर जमिनीवर लोळतोय, डोळ्यांतून धारा. गडग्यावरच्या बाया "अहो सुलाबाई, अहो सुलाबाई" करेपर्यंत ती आत घुसली, टोपलं खाली ठेवलं आणि सरळ सरजाबाईच्या गळ्यात पडली. घागरीला हात लागू न देणारी ती बाई तिला उराशी धरून रडत होती.

"कसा गेला गं? कवा गेला? मला सांगावा धाडायचा न्हाईस?"

सरजाबाईला काही कळेना. गळ्यात पडलेल्या बाईला सोडवावं की आपणही रडावं? इतक्यात भिंतीआडून लिंबाजी बाहेर आला. तोंडाला राख, हातात खिरीचा डाव.

"कोण गेलं, मालकीणबाई?"

सुलाबाईनं मान वर केली. बघितलं. तोंडाचा आ झाला.

"आता गं बया! तू मेला न्हाईस?"

"न्हाई, मालकीणबाई. हिनं सकाळधरून खीर ढवळायला बसवलंय. मरायला सवड कुठं हाय?"

आधी एक पोरगं खुदकन हसलं. मग दुसरं. मग जो हशा पिकला म्हणता! गडग्यावरच्या माया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं, रहमतबीला तर ठसका लागला.

"मग हे पांढरं काय?" सुलाबाई चिडून ओरडली. "विहिरीवरून बगितलं, समद्या बाया पांढरं नेसून, पदर घेऊन, गुमान चालल्यात, अन् म्होरं सरजा. लिंबाजीला ताप व्हता ते ठाव व्हतं. मनलं, गेला बिचारा. तशीच घरी पळाले, तवा टाकला, भाकरी थापल्या, तुमच्या घरला गेले तर दाराला कडी. शाळेत माणसं दिसली, मनलं हितंच आणलाय."

"जयंती हाय, मालकीणबाई," सरजाबाई म्हणाली. "पांढरं आमच्यात सणाचं असतंय."

"सणाला पांढरं?" सुलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "मेली अक्कल माझी! जित्या माणसाला रडत आले की मी."

"बरं झालं," लिंबाजी म्हणाला. "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतंय मनतेत."

हसणं ओसरलं. गडग्यावरून कुणीतरी म्हणालं, "चला सुलाबाई, झालं ते झालं. टोपलं उचला." सुलाबाई टोपल्यापाशी वाकली आणि तशीच थांबली. भरलेलं टोपलं माघारी न्यायचं नसतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती नुसती भाकरींकडं बघत राहिली.

सरजाबाईही बघत होती. भाकरी ताज्या होत्या, अजून वाफ निघत होती. गावाची भाकर या घरात यायची न्हाई, असं ती सासूला म्हणाली होती. पण ती भाकर दारात उभं राहून मागायची होती, शिळी, वरून टाकलेली. ही तशी नव्हती. कडू घास कुणी कुणाच्या ओंजळीत टाकत नाही. तो सोयरा आणतो, जवळ बसतो, सोबत खातो. सुलाबाई न सांगता, न विचारता तव्यावर भाकरी टाकून रडत पळत आली होती, ती सोयऱ्यासारखी. हे सरजाबाईच्या ध्यानात आलं. ती तिथंच मातीत बसली.

"बस, सुलाबाई," ती म्हणाली. मालकीणबाई म्हणायचं राहून गेलं, ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही. "हे टोपलं माघारी न्यायचं न्हाई. माझं एकदा माघारी गेलंय."

"तुझं? कवा?"

"नागनाथ गेला तवा. भाकर-पिठलं घेऊन वेशीपतूर आले व्हते. तितूनच फिरले. ओढ्यात माशांला घातलं."

सुलाबाई बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "आत कामून आली न्हाईस?"

"कोण उतरून घेतलं असतं?"

सुलाबाईनं मान खाली घातली. डोळ्यांतून पुन्हा पाणी यायला लागलं, मघासारखा हंबरडा मात्र नव्हता.

"त्यानं खाल्ली असती," ती म्हणाली. "तुझी भाकर लय आवडायची त्याला. बांधावर चोरून खायचा. त्याला वाटायचं आईला ठाव न्हाई. तोंडाला लसणाच्या चटणीचा वास यायचा की गं, मला कळत नव्हतं व्हय?"

सरजाबाईला हुंदका आवरेना. इतकी वर्षं तिनं पोराचं गुपित सांभाळलं होतं, आणि हिला सगळं माहीत होतं. तिनं टोपल्यातली भाकर मोडली, पिठल्यात बुडवली आणि सुलाबाईच्या तोंडापुढं धरली.

"भाकर तुझ्या घरची हाय, घास माझ्या हातचा. नागनाथचा हाय हा. राहिलेला."

सुलाबाईनं तो घास घेतला. मग त्याच भाकरीचा तुकडा मोडून तिनं सरजाबाईला भरवला. शाळेच्या अंगणात, साऱ्या लेकरांच्या आणि गडग्यावरच्या बायांच्या देखत दोघी रडत रडत जेवल्या.

"अन् माझ्या नावानं आलेली भाकर मला तरी चाखू द्या," लिंबाजी मागून म्हणाला, तेव्हा कुठं सगळ्यांचा श्वास मोकळा झाला.

सुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "कडू झालं. आता गोड करायला पायजे," म्हणून तिनं इकडंतिकडं बघितलं आणि तिला पंगत दिसली. द्रोण भरलेले, पोरं गप्प. मग मात्र तिची मूळची जीभ परत आली. "अन् हे लेकरं कामून असे बसल्यात? खीर काय बगायला वाढलीय?" तिनं समोरच्या पोराचाच द्रोण उचलला, एका दमात तोंडाला लावला आणि रिकामा करून गडग्यावरच्या बायांना दाखवला. "मी खाल्ली. बगा, मेले न्हाई. आज हितं कुणीच मरंना गेलंय!"

पोरांना एवढंच पाहिजे होतं. बघता बघता द्रोण रिकामे झाले. टोपल्यातल्या भाकरींचे तुकडे करून सुलाबाईनं स्वतःच्या हातानं साऱ्या पंगतीत वाटले, कारण टोपलं भरलेलं माघारी न्यायचं नव्हतं. बोटं चाटणारी ती पोरगी दुसऱ्यांदा खीर मागायला आली, तर पातेल्यात खरवडच उरली होती.

गाव एका दिवसात बदललं असं कुणी सांगत असेल तर तो शुद्ध थापा मारतो. त्या दिवशी काही मायांनी पोरांना घरी नेऊन अंघोळी घातल्या. विहिरीवरच्या घागरीला भीमनगरचा हात लागायला पुढं आणखी वर्षं गेली. पण सरजाबाई संध्याकाळी ते रिकामं पातेलं राखेनं घासत होती आणि तिचं मन भरून येत होतं. घासून झालं तरी ती घासतच होती. दुसऱ्या दिवशी ती गुरुजींकडं गेली.

"गुरुजी, तुमचे लय उपकार झाले."

"माझे कसले? मी तर खात्रीसुद्धा देऊ शकलो नाही."

"त्याचेच उपकार. खोटी खात्री दिली असती तर मी आलेच नसते. मग हे माझ्या नशिबाला कुठून आलं असतं?"

पुढच्या जयंतीला कुणी न बोलावता सुलाबाई टोपलं घेऊन शाळेत हजर. "खीर नंतर," म्हणाली. "आधी माझ्या नागनाथची भाकर." मग दर वर्षी तसंच होत गेलं. दोघी पंगतीच्या टोकाला बसायच्या, एकमेकींना पहिला घास द्यायच्या आणि पिठल्यात मीठ कमी की जास्त यावरून भांडायच्या.

दहा-बारा दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि एका हिवाळ्यात सुलाबाई गेली. खबर भीमनगरात पोहोचली तेव्हा सरजाबाई जेवायला बसत होती. ताट तसंच सारून ती उठली, चुलीवर तवा टाकला, भाकरी थापल्या, पिठलं केलं. लसणाची चटणीही वाटली. टोपलं भरलं, फडकं झाकलं आणि निघाली. लिंबाजी काठी टेकत तिच्यामागं ओढ्यापर्यंत आला आणि तिथं दगडावर बसला.

वेशीत आल्यावर तिचे पाय आपोआप थांबले. पायांची ती जुनी सवय. आतून रडणं ऐकू येत होतं, तसंच, त्या वेळेसारखं. पण या वेळी ती आत गेली.

माणिकरावांच्या अंगणात बायांची दाटी होती. टोपली ओळीनं मांडलेली, सगळी झाकलेलीच. सरजाबाईला बघून बाया सरकल्या, मध्ये वाट झाली. धाकट्या लेकाची बायको, कमलबाई, उठून पुढं आली आणि तिनं दोन्ही हातांनी सरजाबाईच्या डोक्यावरचं टोपलं उतरून घेतलं.

"मावशी, कुणाचाच घास घेतला न्हाई अजून," ती म्हणाली. "आत्याबाई सांगून गेल्यात. सरजाबाई येईल, तिचा आधी घ्या."

सरजाबाई तिच्याजवळ बसली. भाकर मोडली, चटणी लावली, तिला भरवली, माणिकरावांना भरवली, आणि स्वतःही खाल्ली. मनात एकच होतं: सुलाबाई, तू माझी वाट बगितलीस.

दिवस मावळायला आला तेव्हा ती वेशीतून बाहेर पडली. लिंबाजी ओढ्याकाठी त्याच दगडावर बसून होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

सरजाबाईनं टोपलं त्याच्यापुढं उपडं केलं. त्यात भाकरीचा तुकडासुद्धा उरला नव्हता.